पाच नंबरचा डबा

सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. माझ्या मामांना दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक म्हणजे, वेरूळच्या रस्त्यावर त्यांनी कधी कुठल्या पाहुण्याला अर्ध्या वाटेत खाली उतरवलं नव्हतं. आणि दुसरी, त्यांचा मिस्तरी. या दोन्हींचं वाटोळं मी केलं, एका दुपारी, तेलाच्या एका डब्यानं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं सारवासारव करायला मला जागा राहणार नाही. सारवासारव मला झकास जमते. तीस वर्षं शाळेत नोकरी केली, तपासणीला साहेब आले की हेच तर करायचं असायचं.

मामांची जुनी पांढरी टॅक्सी होती. स्टेशनजवळच्या हॉटेलांतून पाहुणे घ्यायचे, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ दाखवायचं आणि दिवस मावळायच्या आत परत आणून सोडायचं. गाडीची किल्ली ते सख्ख्या मुलाच्या हातात देत नसत. माझे मिस्टर म्हणायचे, "आमच्या बापाला दोन लेकरं, मी धाकटा." पण हीच किल्ली मामा मिस्तरींच्या गॅरेजात खिळ्याला टांगून खुशाल गावाला निघून जात.

मिस्तरींचं गॅरेज म्हणजे क्रांती चौकातून खाली उतरलं की एका कडुनिंबाला टेकून उभं असलेलं पत्र्याचं शेड. तरुणपणी दोघंही एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले. पोलीस ॲक्शन झाली, आणि वर्षभरात उस्ताद बिऱ्हाड आवरून कायमचा हैदराबादला गेला. जाताना पान्यांची पेटी या दोघांना देऊन गेला. यांनी ती कशी वाटून घ्यावी? एक पाना तुला, एक मला. त्यामुळं अर्धे पाने मामांच्या डिकीत आणि अर्धे मिस्तरींच्या फळीवर. कुठलंही मोठं काम निघालं की दोघं समोरासमोर आल्याशिवाय ते पुरं व्हायचं नाही. बाजारात पाने मिळत नव्हते असं थोडंच आहे? पण दोघांनी कधी घेतले नाहीत. मिस्तरींच्या फळीवर पान्यांच्या आकाराच्या खुणा काढलेल्या होत्या, आणि एकाआड एक खूण रिकामी असायची.

मिस्तरींना इंग्रजी येत नव्हतं. आकडे मात्र पक्के होते. तेल कुठलं घालायचं हे ते वाचून ठरवत नसत. थेंबभर तेल अंगठ्यावर घेऊन बोटानं चोळायचे, वास घ्यायचे आणि मान हलवायचे. हो तर हो, नाही तर नाही. शिवाय त्यांची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या गॅरेजात पाहिली नाही. गिअरबॉक्समधलं जुनं तेल काढलं की त्यातलं थोडं खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरायचं, बाटलीच्या गळ्याला दोरा बांधायचा आणि ती खिडकीत ठेवायची. प्रत्येक गाडीच्या दोऱ्याचा रंग वेगळा. आमचा लाल. उन्हात बाटली हलवून ते गाडीच्या पोटात काय चाललंय ते सांगायचे.

या सगळ्यात मी लग्न होऊन आले. डी.एड. झालेली, गारखेड्याच्या शाळेत नोकरीला आणि घरात इंग्रजी वाचणारी एकटी. मिस्टरांचं इंग्रजी सहीपुरतं. चार माणसांचा स्वयंपाक केला तर त्याचं कुणी नाव काढायचं नाही, पण औषधाच्या पाकिटावरचं वाचून दाखवलं की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणीला हाक मारून सांगायच्या, "आमची सून फाडफाड वाचती." माझं डोकं हवेत जायला एवढं पुरे होतं. आणि ते गेलं.

त्या वर्षी दिवाळीच्या सीझनच्या आधी मामांनी गाडी तेल बदलायला मिस्तरींकडं लावली आणि ते कन्नडकडं पुतणीच्या साखरपुड्याला गेले. दुसऱ्या दिवशी एका रिक्षावाल्यानं शाळेत निरोप आणला. मिस्तरींनी सांगितलं होतं, नेहमीचं सुटं तेल बाजारात आलेलं नाही, डबा घ्यावा लागेल, तर सूनबाईंनी गाडीचं पुस्तक बघून कुठलं तेल चालतं ते कळवावं.

निरोप मलाच का? तर आजवर त्या इंग्रजी पुस्तकाला कुणी हात लावला नव्हता. ट्रंकेत मामांच्या कोटाखाली ते पडून होतं. मधल्या सुट्टीत घरी गेले, पुस्तक काढलं, पान शोधलं. स्वच्छ लिहिलं होतं: गिअरबॉक्ससाठी जीएल चार. आत्याबाईंना म्हटलं, शाळेची मिटिंग आहे. गॅरेजवर जाते म्हटलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं, "बाईमाणसाचं काय काम तिथं?" निरोप पाठवून मोकळं होता आलं असतं. पण नाही, मला स्वतः जाऊन डबा घ्यायचा होता. हौस!

दुकानदार म्हणाला, "चार नाही ताई, पाच आहे. पाच वरचं आहे. ट्रकवाले सगळे हेच नेतात."

मी तेव्हा चौथीचा वर्ग शिकवत होते. माझ्या डोक्यात सरळ हिशोब, पाचवी पास झालेल्याला चौथी येतेच. चारात जे आहे ते पाचात असणारच, वर आणखी काहीतरी जास्त. मी डबा उचलला. भर उन्हात तो पिशवीत घालून, पुस्तकासकट, पायी गॅरेजवर गेले. घामानं निथळत होते, पण मनातून खूश होते.

मिस्तरींनी डबा खोलला. अंगठ्यावर थेंब घेतला, चोळला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

"सूनबाई, वास लई तेज आहे याचा. गंधकाचा. मागच्या चाकांमधल्या गोळ्याला चाललं असतं हे. पण गेरबाक्समधी पितळी रिंगा असतात. हे पितळाला खातं."

"खातं म्हणजे?"

"हळूहळू खातं. आज नाय समजत. सहा म्हयने, आठ म्हयने. मग गेर खरखर करतो." त्यांनी फडक्यानं अंगठा पुसला. "पुस्तकात हेच लिहिलंय का?"

इथं थांबून सांगते, मला राग आला होता. उन्हातून डबा मी आणला, पुस्तक मी वाचलं, आणि न शिकलेला माणूस अंगठा चोळून मला नापास करतोय. दुकानात परत जायचं, डबा बदलायचा, चूक झाली म्हणायचं, हे मला नको होतं. शाळेची घंटाही व्हायची होती. मी म्हटलं, "हो चाचा. हेच लिहिलंय."

जीभ जरासुद्धा चाचरली नाही. पुस्तक खांद्यावरच्या पिशवीतच होतं. काढून पुढं धरलं असतं तर तो आकडा त्यांनाही वाचता आला असता. त्यांनी मागितलं नाही. मास्तरीण बाई खोटं कशाला सांगेल?

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "ज्यानं गाडी बनवली त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक." आणि पोतं अंथरून गाडीखाली गेले, पिचकारी मारून तेल भरलं. मी स्टुलावर बसून त्यांनी मागवलेला चहा प्यायले. अगदी मजेत प्यायले.

निघताना म्हटलं, "चाचा, मी इथं आले होते, डबा मी आणला, हे घरात सांगू नका हं. आत्याबाईंना चालत नाही."

ते हसले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "खुदा कसम. नाय सांगणार."

सीझन मस्त गेला. मामा दोन दिवसांआड वेरूळला जायचे, गाडी लोण्यासारखी चालते म्हणायचे. होळीच्या सुमाराला दुसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज यायला लागला. मामा म्हणाले, क्लच असेल. मी ताटात वाढता वाढता ऐकलं आणि मनात आलं, सहा महिने झाले. लगेच स्वतःला दटावलं, काहीतरीच काय!

मग चैत्रात ते झालं. दौलताबादच्या पुढचा चढ, गाडीत चार पाहुणे, त्यातली एक म्हातारी बाई परदेशातली. मामा दुसरा टाकायला गेले तर गिअर पडेना. गाडी थांबली आणि उलटी खाली सरकायला लागली. मामांनी हँडब्रेक ओढला, जेमतेम हातभरावर दगडी कठडा होता. कुणाला काही लागलं नाही. पण ती म्हातारी रडत खाली उतरली आणि पुन्हा गाडीत बसायला तयार होईना. मामांनी चौघांना रस्त्यात उतरवलं, हात करून एसटी थांबवली, त्यात बसवून दिलं. घरी आले ते जेवले नाहीत. भिंतीकडं तोंड करून बसले. मी पाणी नेऊन दिलं तर म्हणाले, "भीक मागितल्यावानी एसटी थांबवली मी, सूनबाई."

रविवारी मामा मला म्हणाले, "ते पुस्तक घे आन् चल माझ्यासंगं. आज बघायचंच हाय मला." आता जायला परवानगी होती बघा. आत्याबाईंनी स्वतः छत्री हातात दिली.

मिस्तरींनी गिअरबॉक्सचं तेल खाली काढलं, बाटलीत भरलं, गळ्याला लाल दोरा बांधला आणि उन्हात धरली. बाटली हलवली. आत सोन्याचा चुरा टाकावा तसं काहीतरी चमचमत खाली बसत होतं. पितळ. रिंगा झिजून तेलात उतरल्या होत्या. मामा आणि मिस्तरी दोघांनाही न बोलता कळलं.

"तेल कुठलं घातलं व्हतं?" मामांनी विचारलं.

तो रिकामा डबा तिथंच होता. मिस्तरींनी त्यात खिळे ठेवले होते. मामांनी तो उचलून पाहिला. आकडे मामांनाही येत होते. माझ्याकडं वळून म्हणाले, "सूनबाई, पुस्तकात काय लिहिलंय बघ बरं."

मी पान काढलं. मी खरं तेच वाचलं. "चार," म्हणाले.

आयुष्यात इतकं वाईट खरं मी दुसऱ्यांदा बोलले नाही.

मिस्तरींनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही हो. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. नुसते बघत राहिले, माझी वाट बघत. मला एवढंच म्हणायचं होतं, मामा, डबा मी आणला, आणि पुस्तकात पाच लिहिलंय असं चाचांना मीच सांगितलं. एक वाक्य. मी पुस्तकात नजर घालून उभी राहिले, तोंड शिवल्यासारखी.

"डबा पाचचा, पुस्तकात चार," मामा म्हणाले. "हे कसं काय, मिस्तरी?"

"माझ्या हातानं पडलं," मिस्तरी म्हणाले. "गाडी माझ्या हातात व्हती. माझ्याच हातानं पडलं."

"वास नाय घेतला? अंगठा नाय लावला?"

मिस्तरी बाटलीचा लाल दोरा नीट करत राहिले. वास घेतला होता, अंगठाही लावला होता, आणि बरोबर तेच सांगितलंही होतं. मामांचा पारा चढला. काय काय बोलले ते मी लिहीत नाही, आपल्याच माणसाला माणूस असं बोलतो. शेवटी म्हणाले, "चार जीव व्हते गाडीत. मेले असते ते." आणि गाडी ढकलत बाहेर काढली. मीही मागून ढकलली. मिस्तरी हात लावायला पुढं आले तर मामा म्हणाले, "राहू दे."

नंतर दुसरीकडं रिंगा बदलल्या, योग्य तेल घातलं, गाडी पुढं कितीतरी वर्षं चालली. त्या दोघांचं मात्र बोलणं कायमचं तुटलं. मामा मनात ठेवणारे नव्हते. टॅक्सीस्टँडवर ज्याला त्याला सांगायचे, मिस्तरीचा हात आता भरवशाचा राहिला नाही, तेल ओळखता येत नाही त्याला. मामांसारख्या जुन्या ड्रायव्हरनं, आणि तेही जिवाच्या दोस्तानं सांगितल्यावर कोण जाणार हो तिकडं? एकेक करून टॅक्सीवाले गेले. खिडकीतल्या बाटल्या कमी झाल्या. शाळेतून येताना मी वाकडी वाट करून तिथून जायची, लांबून बघायची. आधी टॅक्सी दिसायच्या, मग नुसत्या रिक्षा, आणि मग सायकली, स्टोव्ह, कूलरचे पंप.

आणि वर मामा लोकांना काय सांगायचे? "आमच्या सूनबाईनं पुस्तक वाचलं म्हणून चोरी पकडली. खोटं म्हणून बोलायची नाय ती." हे ऐकताना मी पाहुण्यांना चहा देत असायची. पायाखालची जमीन का फाटत नाही असं व्हायचं, पण पुढच्या क्षणी मी कपबशा गोळा करून आत जायची.

सांगायचं ठरवलं नाही असं नाही. आधी वाटलं, आत्ता मामा चिडलेत. मग मुलगा झाला, वाटलं, घरात आनंद आहे. मग आत्याबाई गेल्या, वाटलं, मामा दुःखात आहेत. कारणाला तोटा नव्हता. डिकीतले पाने रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यात खुळखुळायचे. एकदा मामांना एक पाना लागला, नेमका तो मिस्तरींच्या वाटणीतला. ते डिकीपाशी बराच वेळ नुसते उभे राहिले. मग बाजारातून नवा आणला. काम झाल्यावर तो नवा पाना जुन्यांत ठेवला नाही, सीटखाली टाकला.

अशी बारा वर्षं गेली.

मामांना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली. गाडी विकली. मामा अंगणात खाटेवर बसायला लागले. बोलणं जड झालं होतं, पण समजत सगळं होतं. एका संध्याकाळी मी त्यांना भाकरी कुस्करून भरवत होते, तर मामा म्हणाले, "मिस्तरी काय करत असंल?" बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते नाव रागाशिवाय घेतलं. मी घास तसाच हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तडक गॅरेजवर गेले. मिस्तरी वाळले होते, दाढी पार पांढरी झाली होती. कूलरचा पंप उघडून बसले होते. फळीवर अजून एकाआड एक खूण रिकामी. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. चाचा, पुस्तकात चारच होतं. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "तू 'चार' वाचलंस ना, तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"घरात सांगू नका म्हणाली व्हतीस ना तू."

मी रडायला लागले. ते म्हणाले, "अगं, मला सांगून काय उपयोग? माझं काय, मी तर जाणतोच. त्याला सांग. त्याला एकदा कळलं ना, की तो येतो बघ. चालता येत नसंल तर रिक्षात घालून घेऊन चला म्हणंल. वळखतो मी त्याला."

"तुम्हीच चला ना घरी," मी म्हटलं.

"मी कशाला येऊ? त्यानं मला जा म्हटलंय. आता त्यानं यावं. तू सांग फक्त."

त्यानंतर मामा चार महिने जगले. चार महिने म्हणजे एकशेवीस संध्याकाळी, रोज मी त्यांना हातानं भरवलं. रोज ठरवायची, हे ताट झालं की सांगते. मामा उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवायचे आणि जड जिभेनं म्हणायचे, "लेक हाय माझी." मग कसं सांगायचं? ते 'लेक' मला हवं होतं. खरं ते एवढंच आहे, बाकी सगळ्या सबबी. त्यांची तब्येत, त्यांचा रक्तदाब, सगळ्या सबबी.

मामा एका सकाळी गेले. दहाच्या सुमाराला अंगण भरलं. टॅक्सीस्टँडवरची माणसं, गावाकडची माणसं, तिरडी बांधायचं चाललेलं. मी दारात उभी होते आणि फाटकाशी मिस्तरी आलेले दिसले. धुतलेला पांढरा सदरा, टोपी. आत आले नाहीत. मला हातानं बोलावलं. मी गेले.

हळूच विचारलं, "सांगितलंस ना त्याला?"

त्यांचा चेहरा असा होता की मला नाही म्हणवेना. वाटलं, माणूस तर गेला, आता निदान याच्या जिवाला तरी थंडावा मिळू दे. मी म्हटलं, "हो, सांगितलं."

"कवा?"

"तुम्हाला भेटून गेले ना, त्याच आठवड्यात."

म्हणतानाच मला कळायला हवं होतं. नाही कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, आणि मग ते हळूहळू उतरत गेलं.

"चार म्हयने," ते म्हणाले. "चार म्हयने ठाऊक व्हतं त्याला? आन् आला नाय?"

मी फाटकाची कडी धरून उभी राहिले.

"रिक्षा तर गल्लीपतूर येती," ते म्हणाले. मग अंगणात ठेवलेल्या मामांकडं लांबूनच एकदा बघितलं, मागं वळले आणि चालायला लागले. मागून पळत जायला हवं होतं मला. पण तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली, हळदकुंकू कुठं आहे म्हणून, आणि मी आत गेले. मी नेहमी आतच गेले.

दहावं झालं. मिस्टरांना सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. त्यांनी उठून माळ्यावरून मामांचे पाने काढून दिले. गाडी विकताना मामांनी तेवढे ठेवून घेतले होते. मी ते ओल्या फडक्यानं पुसले, पिशवीत घातले आणि सकाळी शाळेच्या आधी गॅरेजवर गेले. तीच ती पिशवी नव्हती, पण खांद्यावर वजन तेवढंच लागत होतं.

मिस्तरी स्टोव्हला पिन मारत होते. मान वर केली नाही.

"चाचा," मी म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोलले. मामांना मी कधी सांगितलंच नाही. शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांना काही माहीत नव्हतं."

त्यांचा हात थांबला. "काहीच ठाऊक नव्हतं?"

"नाही. पण झटक्यानंतर एकदा म्हणाले होते, मिस्तरी काय करत असेल."

"असं म्हणाला?"

"हो. हे खरं आहे."

मी खरं म्हटलेलं त्यांनी का मानावं कोण जाणे, पण मानलं. स्टोव्ह बाजूला ठेवला. त्यांचा चेहरा सैल झाला, खरोखरचा सैल. "मग बरोबर हाय त्याचं," ते म्हणाले. "ठाऊकच नाय तर येईल कसा? नाय येणार. त्याची काय चूक नाय." दोनतीनदा तेच म्हणाले, त्याची काय चूक नाय. मला वाटलं, सुटले. खरंच वाटलं हो मला तसं, क्षणभर.

मग त्यांनी मान फिरवली. बाहेर रस्त्याकडं बघत राहिले.

"मी त्याच्या मयतीतून परत आलो," ते म्हणाले. "खांदा द्यायला आल्तो. तुझं ऐकलं, आन् खांदा न देता परत आलो."

आता ते मला सूनबाई म्हणत नव्हते. मी पिशवी पुढं केली. त्यांनी पाने एकेक करून बाहेर काढले, उठले आणि फळीवर त्यांच्या त्यांच्या खुणेवर अडकवत गेले. सगळे लागले. एकही खूण रिकामी राहिली नाही. रिकामी पिशवी त्यांनी घडी घालून माझ्या हातात दिली.

"जा बाई," ते म्हणाले. "शाळेला उशीर व्हईल."